बर्फाने भरलेली सायकल घरात आणताना जमीन कशी जपायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडातल्या टोरोंटोत नोव्हेंबर लागला की माझ्याकडे हे प्रश्न यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत थांबत नाहीत. विचारणारे बहुतेक जण पहिला-दुसरा हिवाळा काढणारे विद्यार्थी, नाहीतर नुकतंच घर भाड्याने घेतलेली जोडपी. उत्तरं इथल्या हवेला आणि इथल्या घरांना धरून आहेत. माँट्रियल, ऑटावा किंवा मिनियापोलिसला राहणाऱ्यांनाही कायद्याचा भाग सोडून बाकी सगळं लागू पडेल. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे तेच तेच पुन्हा सांगावं लागणार नाही.

१. थोडं पाणीच तर गळतं. पुसून टाकलं की झालं, एवढी काळजी कशाला?

पुण्या-नाशकात पावसात भिजलेली सायकल आपण सरळ जिन्याखाली नाहीतर पडवीत लावतो. खाली शहाबादी, कोटा किंवा मोझॅक असतं. पाणी वाळून जातं, फार तर चिखलाचे ठसे उरतात. ती सवय अंगात घेऊन आपण इथे येतो आणि फसतो. इथे पायाखाली फरशी क्वचितच असते. असतं ते लाकूड, लॅमिनेट, व्हिनाइल नाहीतर भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेला गालिचा. शिवाय सायकलवरून गळतं ते नुसतं पाणी नसतं. रस्त्यावरचं मीठ, वाळू, साखळीचं काळं तेल आणि गंज, सगळं त्यात उतरलेलं असतं.

आणखी एक फरक आहे. पावसाचं पाणी सायकलवरून बाहेरच निथळून जातं. मडगार्डच्या आत दाबून बसलेला बर्फ मात्र घरात आल्यावर हळूहळू वितळतो. तुम्ही आल्या आल्या पुसून घेता, हातपाय धुता, जेवायला बसता, आणि खरं पाणी त्यानंतर उतरतं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात भाड्याच्या बेसमेंटमधल्या लॅमिनेटचे सांधे असेच फुगले. रोज पुसत होतो, पण दहा मिनिटं लवकर पुसत होतो.

२. मग सुरुवात कुठून करू?

दाराबाहेरून. बाहेर घालवलेली दोन मिनिटं आतल्या कुठल्याही चटईपेक्षा जास्त उपयोगी पडतात, हे मी ठासून सांगतो.

पुढचं चाक वीतभर उचलून जमिनीवर सोडा, दोन-तीनदा. मग मागचं. मडगार्डमधला सैल बर्फ तिथेच पडतो. नंतर ब्रश घ्या. गाडीच्या काचा साफ करायचा ब्रश चालतो, रंगकामाचा जुना रुंद ब्रश त्याहून बरा, कारण तो सांदीकोपऱ्यात जातो. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन दांड्यांमध्ये, ब्रेकभोवती, पेडल जिथे बसतात त्या सांध्याच्या मागे, सीटखाली आणि कॅरियरवर ब्रश फिरवा. यात पेडलमागची जागा सगळे विसरतात, आणि नेमका तिथेच मुठीएवढा गोळा बसलेला असतो.

हे घरी पोचल्याबरोबर करायचं. सायकल दिवसभर कॉलेजबाहेर उभी राहिली की त्या चिखलाचा बर्फ होतो आणि तो ब्रशने निघत नाही. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, केबल आणि रंग दोन्ही जातात. अशा दिवशी सायकल आत घ्या आणि प्रश्न ३ मधल्या ट्रेवर तिला निवांत वितळू द्या.

दारातून आत नेताना सायकल ढकलू नका, उचला. दारापासून जागेपर्यंतचा वाळूचा माग हेच अर्ध्या ओरखड्यांचं कारण असतं.

३. खाली नेमकं काय ठेवावं?

काठ असलेलं काहीही. सपाट मॅट पाणी अडवत नाही, ते बाजूला पसरवते आणि काही तुमच्या नजरेआड स्वतःखाली घेते. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. पाण्याला थांबायला जागा द्यायची, आणि ती जागा रोज रिकामी करायची.

बुटांसाठी मिळणारे प्लॅस्टिकचे ट्रे स्वस्त आणि सोयीचे. पण मोठ्या माणसाची सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब असते, म्हणून एक ट्रे पुरत नाही. दोन चाकांखाली दोन ठेवले तर मधला पेडलचा भाग कोरड्या जमिनीवर गळत राहतो. तेव्हा तीन ट्रे ओळीने लावा, किंवा गॅरेजमध्ये गाडीखाली घालतात ती कड असलेली मॅट आणून हवी तेवढी दुमडा. वॉशिंग मशिनखाली ठेवायचा चौकोनी पॅनही चांगला. त्याची कड चांगली उंच असते, आणि सायकल उभी टांगली तर तो एकटा पुरतो (प्रश्न ९).

किती पाणी मावेल याचा हिशेब सोपा आहे. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर खोल ट्रेमध्ये काठोकाठ दहा लिटर बसतं. एका सायकलच्या बर्फाला ते भरपूर झालं. ट्रे एका दिवसात भरत नाही. पाच दिवस न ओतल्याने भरतो, आणि मग कोणाचा तरी पाय लागतो.

ट्रेमध्ये जुना टॉवेल किंवा पंचा घडी घालून ठेवलात तर पाणी हिंदकळत नाही, थेंबांचे शिंतोडे बाहेर उडत नाहीत, आणि सकाळी तो बाथरूममध्ये पिळला की काम संपलं. ट्रे आठवड्यातून एकदा तरी उचलून खालची जमीन बघा. काही लोकांना मार्चमध्ये घर सोडताना पहिल्यांदा ती दिसते.

४. पुठ्ठा, वर्तमानपत्र, जुनी चादर चालेल का?

ट्रेच्या आत चालेल, थेट जमिनीवर नाही. पुठ्ठा पाणी शोषतो आणि तासन्‌तास लाकडाला चिकटवून धरतो, म्हणजे ओल्या फडक्याची पट्टी बांधल्यासारखंच. छपाईचा रंगही खाली उतरू शकतो. चादरीखाली प्लॅस्टिकचा कागद घातला तर एखादी रात्र निभावून जाते.

५. माझी जमीन लाकडी आहे की लॅमिनेट, कसं ओळखू? आणि कुणाला किती सोसतं?

खोलीत जमिनीतून गरम हवा येण्याची जाळी असेल तर ती उचला. ती नुसती बसवलेली असते. कडेला जमिनीचा थर कापलेला दिसतो. सगळं एकसंध लाकूड असेल तर खरी लाकडी जमीन, वर पातळ लाकूड आणि खाली प्लायसारखे थर असतील तर इंजिनिअर्ड, तपकिरी भुश्याच्या घट्ट लगद्यावर छापील कागद असेल तर लॅमिनेट, आणि रबरासारखा चिवट पट्टा असेल तर व्हिनाइल. जाळी नसेल तर पट्ट्यांवरची नक्षी निरखा. तीच गाठ चार पट्ट्या सोडून पुन्हा दिसली तर ते बहुधा छापील आहे.

लॅमिनेट सगळ्यात नाजूक. वरचा थर कणखर असतो, पण सांध्यातून पाणी आतल्या लगद्यात गेलं की कडा फुगतात आणि त्या परत बसत नाहीत. घासून, पॉलिश करून काही होत नाही, पट्टी बदलावीच लागते. बेसमेंटमधल्या भाड्याच्या खोल्यांत बहुतेक हेच असतं. आपली बहुतेक मुलं राहतात तीही तिथेच, म्हणून मी यावर एवढा जोर देतो.

खरं लाकूड थोडं जास्त सहन करतं, पण हिवाळा त्यालाही वाईटच. हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं आणि दोन पट्ट्यांमध्ये फटी पडतात. वरच्या बाजूला पॉलिश असतं, फटीच्या आतल्या कडेला ते धड नसतं. म्हणजे ज्या महिन्यांत सर्वांत जास्त पाणी घरात येतं, त्याच महिन्यांत लाकडाची तोंडं उघडी असतात. खालून ओल धरली की पट्ट्यांच्या कडा वर येतात आणि मध्ये खळगा पडतो. अनवाणी चाललं तर तो तळपायाला कळतो. ओल लवकर थांबली तर काही महिन्यांत पट्ट्या बऱ्याच सपाट होतात, त्यामुळे लगेच पॉलिशवाल्याला बोलावून घासून घेऊ नका. ओलं असताना घासलेली जमीन वाळल्यावर उलटी फुगीर दिसते.

व्हिनाइलला पाण्याचं भय नाही, पण त्याचा वेगळा शत्रू आहे (प्रश्न ६). सिरॅमिकच्या टाइल्सना काहीच होत नाही. प्रवेशाशी टाइल्सचा छोटासा चौकोन असेल तर सायकलची जागा तीच, मग बुटांचं कपाट हलवावं लागलं तरी चालेल. गालिचा दिसायला सोशिक वाटतो. पण त्याच्याखाली फोमचा थर असतो, तो पाणी धरून ठेवतो आणि वरून कोरडं लागलं तरी आत कुबट होत राहतो. ओल एक-दोन दिवसांत पूर्ण वाळली नाही तर बुरशीची शक्यता धरून चाला.

६. रबराची जाड मॅट घेतली तर सगळे प्रश्न सुटतील ना?

लाकडावर किंवा टाइल्सवर, कड असेल तर, बऱ्यापैकी. व्हिनाइलवर अजिबात नाही. रबरातली काही रसायनं हळूहळू व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळट-तपकिरी डाग पडतो. तो वरवरचा नसतो, त्यामुळे कुठल्याही साबणाने जात नाही. महिनोन्‌महिने एकाच जागी उभ्या असलेल्या सायकलच्या टायरनेही असा डाग पडू शकतो, मग टायर कोरडा असला तरी. व्हिनाइलवर प्लॅस्टिकचा ट्रे वापरा आणि चाकं त्याच्या आतच राहतील असं बघा.

७. जमिनीवर पांढरे ठसे उमटलेत. व्हिनेगर लावू का?

ते रस्त्यावरचं मीठ. रस्त्यावर टाकतात ते मुख्यतः साधं सोडियम क्लोराइड, पण उणे १० अंशांच्या आसपास त्याचा जोर ओसरतो. म्हणून इमारतींच्या पायऱ्यांवर अनेकदा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड टाकतात. हे दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे तो डाग पुसूनही चिकट, तेलकट लागतो आणि वाळता वाळत नाही. माझी जमीन आजारी आहे का, असं मला एकीने काळजीने विचारलं होतं. आजारी नसते, मिठाचा थर पूर्ण निघालेला नसतो.

आधी कोरडा झाडू किंवा व्हॅक्यूम. वाळूचे कण पॉलिशपेक्षा कठीण असतात. त्यांच्यावरून ओलं फडकं फिरवलं तर ते सँडपेपरचं काम करतं. मग कोमट पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळा, पुसा, पाणी बदला, पुन्हा पुसा, शेवटी कोरड्या कापडाने टिपा. दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसलं तर बहुतेक मीठ विरघळून निघतं.

व्हिनेगर टाइल्सवर आणि व्हिनाइलवर खूप पातळ करून, कधीतरी चालेल. लाकडाच्या पॉलिशवर वारंवार लावलं तर चकाकी जाते. संगमरवर किंवा चुनखडीच्या दगडावर एकदाही लावू नका. आम्ल दगडच खातं, आणि तो मळकट ठिपका कायमचा राहतो.

८. आणि काळे डाग? तेलाचे वाटतात, पण निघत नाहीत.

निघत नसतील तर ते तेल नसावं. टोरोंटोतल्या जुन्या घरांमध्ये ओकच्या पट्ट्यांची जमीन पुष्कळ दिसते. ओकमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, आणि लोखंड, पाणी व टॅनिन एकत्र आले की काळाशार रंग तयार होतो. जुन्या काळी शाई याच मेळातून करत. गंजलेल्या साखळीचं, नटबोल्टचं पाणी पॉलिशच्या फटीतून ओकपर्यंत पोचलं की तुमच्या जमिनीवर अक्षरशः शाई तयार होते. हा डाग लाकडाच्या आत असतो. पॉलिश काढून ऑक्झॅलिक आम्लाने तो फिका करता येतो, पण ते विषारी असतं, आणि घर भाड्याचं असेल तर असले प्रयोग स्वतः करूच नका.

साखळीच्या तेलाचा डाग असेल तर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि पिळलेलं फडकं पुरतं. गालिच्यावर मात्र चोळू नका, बाहेरून आत टिपत या.

९. जागाच नाही. भिंतीवर उभी टांगली तर?

चांगली कल्पना आहे, कारण सगळं पाणी मागच्या चाकाकडे येतं आणि एकच पॅन पुरतो. पण भिंतीकडे लक्ष द्या. पाणी ओघळून भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीवर जमतं. ती पट्टी बऱ्याच घरांत लाकडी भुश्याच्या लगद्याची असते आणि लॅमिनेटसारखीच फुगते. चाकामागे भिंतीवर प्लॅस्टिकचा पत्रा लावा, त्याचं खालचं टोक पॅनच्या आत येऊ द्या. इथल्या भिंती बहुतेक ड्रायवॉलच्या, म्हणजे लाकडी खांबांवर ठोकलेल्या जिप्समच्या पातळ पत्र्याच्या असतात, म्हणून हुक फक्त आतल्या लाकडी खांबात बसवायचा. नुसत्या ड्रायवॉलवर लावलेला हुक ओल्या सायकलच्या वजनाने भिंतीसकट उतरतो.

१०. बाथटबमध्ये धुतली तर चालेल का?

आठवड्यातून एकदा धुतलीत तर सायकलही वाचते आणि जमीनही. टबच्या तळाशी जुना टॉवेल घाला, नाहीतर पेडल आणि दातेरी चक्राने टबवर चरे पडतात. पाणी कोमट ठेवा, धार मऊ, आणि चाकांच्या मधल्या भागावर थेट मारू नका. वाळू पाइपात जाऊ नये म्हणून मोरीच्या तोंडावर जाळी ठेवा. नंतर साखळी कोरडी पुसून तेल द्या. धुतलेली सायकल त्याच रात्री उणे दहात बाहेर काढू नका. कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

११. माझ्या टायरला खिळे आहेत. ट्रे फाटेल का?

पातळ ट्रे नक्की फाटेल, आणि तेही लक्षात न येता. हिवाळी टायरमधले खिळे टंग्स्टन कार्बाइडचे असतात. ते लाकडावर, व्हिनाइलवर एका फेरीत ठिपक्यांची रांग काढतात, टाइल्सचीही चकाकी घालवतात. ट्रेच्या आत, चाकांखाली जुन्या गालिच्याचे तुकडे किंवा प्लायची फळी ठेवा. या सायकली घरात एक पाऊलही ढकलायच्या नाहीत, उचलूनच न्यायच्या.

१२. ई-बाइकचं काय? उचलायला फार जड आहे.

मग दारापासून ट्रेपर्यंत कायमची पायपुसण्यांची वाट करा, आणि ती आठवड्याला झटका. बॅटरी शक्यतो बाहेरच काढून हातात आत आणा. तिची जागा ट्रेपासून दूर, कोरड्या टेबलावर.

चार्जिंगला घाई करू नका. गोठणबिंदूखालच्या लिथियम बॅटरीला चार्ज केलं तर आत धातूचा थर जमतो, बॅटरीचं आयुष्य घटतं आणि धोका वाढतो. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, दोन-तीन तास तरी. हीटरवर ठेवून गरम करायची नाही. चार्जिंग बाहेर पडायच्या दाराजवळ करायचं नाही. पाणी, मीठ आणि बॅटरी हा मेळ इथे किती गंभीरपणे घेतात ते यावरून कळेल, की टीटीसीच्या, म्हणजे टोरोंटोच्या सार्वजनिक वाहतुकीच्या, गाड्यांमध्ये १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात ई-बाइक न्यायला बंदी आहे.

१३. मी डिलिव्हरी करतो. दिवसातून चार वेळा आत-बाहेर होतं. दर वेळी हे सगळं करायचं?

नाही. तुमच्यासाठी उत्तर उलट आहे: मधल्या वेळात सायकल आत आणूच नका. घरात बर्फ वितळतो, पाणी केबलमध्ये आणि मागच्या चाकाच्या गिअरच्या गाभ्यात शिरतं, बाहेर गेल्यावर पुन्हा गोठतं. मग पेडल नुसतंच फिरतं, चाक फिरत नाही. गंजाचंही तसंच. मीठ लागलेली सायकल गोठलेल्या थंडीत हळू गंजते, उबदार ओल्या घरात भराभर.

म्हणून दिवसभर बाहेर, छपराखाली, चांगल्या कुलपात ठेवा. फक्त बॅटरी आत. रात्री शेवटच्या फेरीनंतर झटकून एकदाच आत घ्या आणि सकाळपर्यंत पूर्ण वाळू द्या. दिवसाला एकदा वितळवणं जमिनीलाही झेपतं.

१४. बाल्कनीत किंवा जिन्याच्या वाटेत ठेवली तर?

बाल्कनी उत्तम, इमारतीचे नियम परवानगी देत असतील तर. करार वाचून घ्या. जिना आणि कॉरिडॉर मात्र नाही. आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट मोकळी ठेवावी लागते, आणि धुरात अंधारात कोणीतरी तुमच्या हँडलला अडकेल.

१५. जमीन खराब झाली तर घरमालक डिपॉझिट कापेल का?

ओंटारियोत, म्हणजे टोरोंटो ज्या प्रांतात आहे तिथे, नुकसानीसाठी डिपॉझिट घेताच येत नाही. घेता येतं ते जास्तीत जास्त एका महिन्याचं भाडं, आणि ते शेवटच्या महिन्याच्या भाड्यापोटीच वळतं करावं लागतं. मात्र निष्काळजीपणाने अवाजवी नुकसान झालं असेल तर भरपाई मागायला तो लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे, म्हणजे घरमालक-भाडेकरूंचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे जाऊ शकतो. राहायला आलात त्या दिवशीच, सायकल उभी राहणार त्या कोपऱ्याचे फोटो काढून ठेवा.

इथे एक अपवाद बऱ्याच विद्यार्थ्यांना माहीत नसतो. तुम्ही घरमालकाच्याच घरात राहत असाल आणि स्वयंपाकघर किंवा बाथरूम त्याच्यासोबत वापरणं हा कराराचा भाग असेल, तर भाडेकरूंचा हा कायदा तुम्हाला लागूच होत नाही. अशा वेळी सायकल कुठे ठेवायची ते आधी बोलून, लेखी मेसेजवर ठरवून घ्या.

१६. उशीर झाला. ट्रेखाली पाणी सापडलंय, जमीन मऊ लागतेय. आता?

आधी सगळं उचला आणि पाणी टिपून घ्या. पंखा जमिनीच्या पातळीवर लावा, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) मिळाला तर तोही. गरम हवेचा झोत थेट मारू नका, लाकूड तडकतं. गालिचा असेल तर कोपऱ्यातून उचलून खालचा फोम बघा. भिजला असेल तर तो भाग बदलावाच लागेल. फोटो काढा आणि त्याच दिवशी घरमालकाला कळवा. चार पट्ट्यांचं काम मार्चपर्यंत लपवलं की अर्ध्या खोलीचं होतं.

आणि या हिवाळ्यात घरात सायकलला खरंच जागा नसेल, तर बाइक शेअर टोरोंटो या शहरातल्या भाड्याच्या सायकल सेवेच्या सायकली बारा महिने रस्त्यावर असतात. फेरी झाली की स्टँडवर लावायची, बर्फ तिथेच ठेवून वर यायचं.